मंगलताईसाठी डोंगराचे बूट

गुरुवार हा आमच्या पट्ट्याचा रविवार. बहुतेक कारखाने बंद असतात, म्हणून तळवड्याहून कुरुळीपर्यंतचा रस्ता सकाळी जरा मोकळा मिळेल अशा आशेने मी रजा टाकून स्कूटर काढली. मोशीच्या पुढे इंद्रायणीच्या पुलावर ती आशा संपली. नव्या कोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले ट्रेलर एकामागे एक उभे होते आणि खाली नदीवर पांढरा फेस तरंगत होता. नाकाला रुमाल बांधून मी त्यांच्या कडेकडेने पुढे सरकत राहिले. आज मला मंगलताईला घेऊन बूट शोधायचे होते. डोंगरात पळायचे, दगडाला टिकतील असे.

मंगलताई कुरुळीची. घरची थोडी शेती, आणि ती स्वतः चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला. मी तळवड्याच्या आयटी पार्कात दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी; माझ्या वडिलांचं आयुष्य पिंपरीच्या कारखान्यात मशीनसमोर उभं राहण्यात गेलं. आमची ओळख एका डोंगरधावेत (डोंगरवाटांवरून पळण्याच्या शर्यतीत) झाली. चढावर मी तिला गाठायची आणि उतार लागला की ती दिसेनाशी व्हायची. पंचेचाळिशीतली बाई, अंगात कंपनीचा जुना टीशर्ट, आणि उतारावर अशी सुटायची की तरुण पोरं बाजूला होऊन वाट देत.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मावळातल्या एका किल्ल्यावरून उतरताना तिच्या बुटाचा तळ पुढून सुटला, दुमडला आणि ती दगडांत कोसळली. उजवा घोटा मोडला. आत धातूची पट्टी आणि स्क्रू बसवावे लागले. मग प्लास्टर निघालं, काठी सुटली, ती कामावरही जाऊ लागली. आता मावळात पुन्हा धाव होती आणि तिने आम्हा दोघींची नावं देऊन टाकली होती. तिचं म्हणणं एकच होतं: पाय बरा झालाय, दगा दिला तो बुटांनी.

मी पोचले तेव्हा तिचे यजमान, नामदेवभाऊ, म्हशीला पाणी दाखवत होते. अंगणापलीकडे त्यांनी कामगारांसाठी बांधलेल्या भाड्याच्या खोल्या, दारांत वाळत घातलेले निळे गणवेश. मला बघून ते बादली ठेवून पुढे आले.

"रेखाताई, तुमी तरी सांगा तिला. दाक्तर म्हनले, चाला, पर पळू नका."

आतून आवाज आला, "दाक्तर कवा डोंगरात पळलाय? तुमी म्हशीचं बघा."

ती बाहेर आली ती हसतच. पायांत चप्पल, हातात मोजे आणि खांद्याला एक कापडी पिशवी. पिशवीत ते फाटके बूट होते. "दुकानदाराला दावायला," ती म्हणाली. "म्हनायचं, असले नकोत."

आधी चाकण गाठलं. सुट्टीच्या दिवशी तिथला बाजार भरगच्च असतो. खोलीवर एकटी राहणारी पोरं आठवड्याचा किराणा, चार्जर, चादरी घेत फिरत असतात. एका अरुंद दुकानात छतापर्यंत बुटांचे डबे रचलेले होते. दुकानदाराने मंगलताईकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"डोंगरात पळायला? कशासाठी पण?"

"आवडतं म्हणून," मी म्हणाले.

त्याने जरा विचार केला आणि पुढे लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज ठेवले. "हे न्या. वरून लोखंड पडलं तरी काय होत नाय."

"ते तर आठवडाभर घालतेच की, भाऊ," मंगलताई म्हणाली. "ह्ये घालून चालतानाच दमते मी, पळू कशी?"

दुकानदारही हसला. त्याच्याकडचे खेळाचे बूट मात्र मऊ गादीचे, सकाळी सोसायटीत फेऱ्या मारायला बरे असे होते. आम्ही बाहेर पडलो आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर कांदाभजी खाल्ली. कढईतून थेट कागदावर पडणारी, मधे मिरची चिरून तळलेली. भजी खाताना तिने उजवा पाय चपलेतून काढून डाव्या पायावर ठेवला होता. घोटा एका बाजूने फुगीर दिसत होता. मी पाहतेय हे लक्षात येताच तिने पाय खाली घेतला.

तिथून उलट फिरून भोसरीमार्गे पिंपरी. कॅम्पातल्या बाजारात बुटांची कमी नव्हती. नावाजलेल्या कंपन्यांच्या नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे करून विकले जाणारे, पोपटी, गुलाबी, चांदीसारखे चमकणारे बूट दोरीला लटकत होते. मंगलताईची बूट पाहण्याची एक रीत होती. आधी टाचेची वाटी अंगठ्याने दाबायची; ती आत गेली की बूट परत. मग बूट वाकवायचा. तो बोटांपाशी वाकायला हवा, मधूनच दुमडला तर परत. मग तळाचे रबरी दात नखाने टोचून पाहायचे, आणि शेवटी बोटांपुढची रबराची टोपी नुसती चिकटवलीय की शिवलीय ते बघायचं. तिचा जुना बूट तिथूनच सुटला होता.

बहुतेक बूट हातातच नापास झाले. जे पास झाले ते पायात गेल्यावर नापास झाले. एकाची कड घोट्याला लागली. एकाचा डावा बसला आणि उजवा चढेना. तिसऱ्याबद्दल ती म्हणाली, आतली गादी उंच आहे. चौथ्याचे बंद आवळत नव्हते. दुकानदार बाई चिवट होती, तिने तेवढ्याच निगुतीने पाचवा काढला. प्रत्येक बुटाची खोड वेगळी होती, पण प्रत्येक वेळी मंगलताईचे ओठ दाबले जात ते उजवा पाय आत सरकवताना. ते दिसल्यावर मला पुढचे डबे उघडावेसे वाटेनात. तिला मात्र हुरूप होता.

"तिकडं ताथवड्याला मोठं दुकान हाय म्हनलीस ना? चल की."

ताथवड्याच्या रस्त्यावर दोन्हीकडे अर्धवट इमारती आणि कॉलेजच्या पोरांनी भरलेल्या चहाच्या टपऱ्या. मोठं दुकान थंडगार होतं. एक अख्खी भिंत डोंगराच्या बुटांची. मंगलताई त्या भिंतीसमोर क्षणभर नुसती उभी राहिली. मग चप्पल दाराशी काढून ठेवावी का असं तिने मला हळूच विचारलं.

तिथे काम करणारी मुलगी लातूरकडची होती. बोलण्यावरून कळत होतं. "या ना ताई, बसा. तुमी पळता का डोंगरात? आमच्याकडं तर सगळं सपाटच हाय बगा." तिने दोन्ही पाय मापून घेतले, उजव्या पायाकडे पाहून काहीच विचारलं नाही आणि रुंद पंजाचे बूट आणले. दुकानाच्या मधोमध एक लाकडी उतार केलेला होता, वर खरे दगड बसवलेले, बाजूला धरायला लोखंडी नळी. बूट घालून त्यावर चढायचं, उतरायचं.

मंगलताई पटकन चढली. वर जाऊन वळली. आणि उतरताना तिने नळी धरली. आडवी होऊन, एकेक पाऊल ठेवत खाली आली.

"घसरतोय ह्यो," ती म्हणाली.

मुलगी वाकून बुटाच्या तळाकडे पाहत होती. ती साधेपणाने म्हणाली, "न्हाई ताई, बूट घसरला न्हाई. तुमीच थांबलाव."

मंगलताई बाकड्यावर बसली. तिने बंद सोडले. मग म्हणाली, "दुसरा दाव."

त्यानंतर ती त्या उतारावर गेलीच नाही. सपाट फरशीवर चालून, उड्या मारून बूट पारखत राहिली. शेवटी एक राखाडी जोड निघाला. टाचेची वाटी घट्ट, कड मऊ, बोटांना जागा, पुढची टोपी चिकटवून वर शिवलेली, तळाचे दात खोल आणि कडक. तिने उजवा पाय आत घातला आणि तिचे ओठ दाबले गेले नाहीत. आरशासमोर उभी राहून तिने पाय इकडून तिकडून पाहिले, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला.

"ह्येच," ती म्हणाली. "आता डब्यात नको घालूस. असेच पायात ऱ्हाऊ दे."

बाहेर आल्यावर घरी जायचं तिच्या मनातच नव्हतं. "घोराडेश्वराचा डोंगर लांब न्हाई हितून. उन्हं हायत अजून."

मी म्हणाले, "आज राहू दे, दमलीयस."

"धाव तोंडावर आलीय. बूट डोंगरावर बघायचे का घरात?"

देहूरोड ओलांडून आम्ही पायथ्याशी पोचलो. सुट्टीमुळे पायऱ्यांवर वर्दळ होती. मंगलताई सुरुवातीपासून पुढे होती. उजवा पाय थोडा बाहेर वळवून टाकत होती, पण चढत होती, आणि दम लागलेल्या माझ्याकडे मागे वळून हसत होती. खरं सांगते, अर्ध्या वाटेवर मलाही वाटू लागलं की जमेल. मी मनातल्या मनात धावेचा रस्ता आखायला लागले होते.

वर लेण्यांच्या पुढे, वाऱ्याच्या बाजूला आम्ही बसलो. खाली द्रुतगती मार्गावर गाड्यांची रांग, क्रिकेटच्या मैदानाचं मोठं कडं, पलीकडे पवनेच्या काठची हिरवी पट्टी आणि पूर्वेला कारखान्यांच्या पत्र्यांची चमक. तिने फडक्यातून भाकरी आणि लसणाची चटणी काढली. खाता खाता ती बोलू लागली. इतक्या वर्षांत कधी न बोललेलं.

"चढताना समदं डोस्क्यात असतं गं. म्हस, भाडेकरू, लाईनवरचा सुपरवायझर. पर उतार लागला की कायबी ऱ्हात न्हाई. पाय कुटं टाकायचा एवढंच. तवा मी कुनाचीच कोन नसते." ती थांबली. "कवा एकदा तसं हुईल असं झालंय."

पायऱ्या सोडून ती मागच्या पायवाटेने निघाली. तिकडे मुरमाचा घसारा आहे (सुट्या खड्यांचा निसरडा उतार), आम्ही पूर्वी सरावाला तिथेच यायचो. ती कडेला उभी राहिली, हात सैल सोडले, आणि पळायला निघाली.

तिसऱ्या-चौथ्या पावलाला ती थांबली. परत वर आली. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. उजवा घोटा वाकत नव्हता. पाऊल खाली पडलं की गुडघा पुढे जायला हवा, तो जात नव्हता, आणि सगळं अंग डाव्या बाजूला कलत होतं. बूट खड्यांत घट्ट रुतून उभे होते. तिने तिसऱ्यांदा प्रयत्न केला. मी हात पुढे केला. तिने नको म्हणून मान हलवली.

मग ती खाली बसली. तळवे टेकून, बसल्या बसल्या सरकत ती उतरू लागली. मी दोन पावलं मागे. तिची पिशवी धरून मी चालत राहिले.

खालून एक कुटुंब वर येत होतं. बाप, आई, कडेवर लहान मुलगी. बाप भला माणूस होता. बघताच पुढे झाला.

"मावशी, हात द्या. घाबरू नका. डोंगरावर पहिल्यांदाच आलात का?"

मंगलताईने वर पाहिलं. मला वाटलं ती सांगेल. किती किल्ले, किती शर्यती, कोणाकोणाला मागे टाकलं ते.

"व्हय," ती म्हणाली. "पहिल्यांदाच." आणि तिने त्याचा हात धरला.

त्याने तिला घसाऱ्याच्या खालपर्यंत आणून सोडलं. "सवय झाली की भीती जाते बघा," असं म्हणून तो आपल्या माणसांकडे परत गेला. ती पायथ्याच्या कठड्यावर बसली. एक पाय उचलून तिने तळ पाहिला, दातांत अडकलेले खडे काडीने काढले. मग दुसरा.

"बूट चांगले हायत, रेखा. बुटांत काय न्हाई."

"अजून थोडे महिने जाऊ देत," मी म्हणाले. "व्यायाम करू, मग—"

"त्ये नको बोलू." आवाजात राग नव्हता. "नाव काढून टाक माजं. तुजं ऱ्हाऊ दे."

तिने पाणी मागितलं, ते थोडं प्यायली, उरलेलं तोंडावर मारलं. रडली असेल तर मला कळलं नाही.

परतीच्या रस्त्यावर ती मागे बसली होती. चिखलीत रस्ता खणलेला होता, मोशीला सिग्नल बंद होता. एरवी ती ओरडून ओरडून ट्रकवाल्यांना वाट सोडायला लावते. तेव्हा तिने माझ्या खांद्यावर फक्त हात ठेवला होता.

कुरुळीत पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. नामदेवभाऊ अंगणातच होते. त्यांनी आधी तिच्या तोंडाकडे आणि मग पायांकडे पाहिलं. तिने बूट काढून ओट्यावर ठेवले आणि आत निघून गेली. सकाळी डॉक्टरांचं सांगणाऱ्या त्या माणसाने एक बूट हातात घेतला, वाकवून पाहिला, टोपीच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"मजबूत हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "जमलं का?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी बूट दुसऱ्या बुटाशेजारी नीट जुळवून ठेवला आणि बराच वेळ त्यावरचा हात काढला नाही. तिने ऐकावं म्हणून इतके दिवस भांडणारा माणूस, आणि आता ती ऐकणार होती तर त्याला ते बघवत नव्हतं.

प्रवास म्हणावा असा काही हा प्रवास नव्हता. आपल्याच गावांतून, रोजच्याच धुळीतून आम्ही एक वस्तू शोधत फिरलो, आणि ती मिळाली. आम्हाला हवी होती तशीच. लांबच्या प्रवासांतून मी पुष्कळदा हात हलवत परत आलेय. इतकी रिकामी होऊन कधी आले नव्हते.

धावेला मी गेले नाही. नंतरच्या एका गुरुवारी फोन केला तर मंगलताई रानात (शेतात) मेथी काढत होती. मागून नामदेवभाऊंचा आणि म्हशीचा आवाज येत होता. तिने घरचं सगळं सांगितलं, माझ्या आईची चौकशी केली, भाजी न्यायला ये म्हणाली.

"पळायचं तेवढं इचारू नको," फोन ठेवताना ती म्हणाली. "बाकी कवाबी ये."

मी जाते. अजून विचारलेलं नाही.