शुभ हाताचा माणूस

जबलपुरातल्या निम्म्या मराठी घरांच्या पायाखालची माती आपणच तपासली, असं आमचे रत्नाकरराव सांगतात. सांगताना छाती अशी काढतात, जणू ती घरंही यांनीच डोक्यावर पेलून धरली आहेत. रत्नाकरराव म्हणजे माझा नवरा. त्यांच्याविषयी मी चांगलं बोलावं अशी अपेक्षा असेल, तर ती इथंच सोडून द्या.

काम तसं कुणालाही कळेल असं आहे. सळईच्या टोकाला पोलादी शंकू लावायचा, यंत्राने तो हळूहळू जमिनीत दाबत न्यायचा आणि माती किती अडवते ते काट्यावर वाचायचं. माती मऊ असली की काटा निजून राहतो, कठीण असली की उठतो. यात शुभ-अशुभ काय असायचंय? पण लोकांनी यांना शुभ हाताचे ठरवून टाकलं. हे शंकू लावतात तिथं जमीन पक्कीच लागते म्हणे! मग शंकूला हळदकुंकू, यंत्राला झेंडूचा हार आणि यांच्या तोंडात पेढा.

त्या शुभ हाताची गोष्ट मी सांगते. काटा निजला की हे आपल्या मिस्त्रीला हळूच म्हणतात, "भैयालाल, मशीन जरा सरका लो." यंत्र धरून ठेवणारे लोखंडी स्क्रू उपटायचे, थोडं पलीकडे पुन्हा रोवायचे, पुन्हा दाबायचं. कुठे ना कुठे कठीण लागतंच. तेवढंच कागदावर चढतं. मऊ निघालेली भोकं भैयालाल बुटाने बुजवून टाकतो. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अगं, लोक हौसेनं घर बांधतात. त्यांचं तोंड कशाला उतरवायचं?"

'नाही' हा शब्द या माणसाला माहीतच नाही. सदर बाजारात बूट घ्यायला गेलो होतो. बोटं आत मुडपली होती, पण दुकानदार "बहुत जँच रहे हैं, साहब" म्हणाला आणि हे ते घालून लंगडत घरी आले. लोक म्हणतात, किती गोड स्वभाव. गोड कसला! मी याला भित्रेपणा म्हणते आणि यांच्या तोंडावर म्हणते. आजवर निभावलं ते बहुतेक ठिकाणी मुरूम बरा निघाला म्हणून.

मग कुंदाची पाळी आली. कुंदा यांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून एकटी, रेल्वेत नोकरी. रिटायर झाली की क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून होती नव्हती ती पुंजी घालून तिने गावातल्या गढा भागात प्लॉट घेतला. तिथं पूर्वी तळं होतं, हे तिथला चहावालासुद्धा सांगतो. मीही तिला बोलले. ती म्हणाली, "काहून घाबरता, वहिनी? दादा पाहून देईन नं. तो पक्की म्हणाला की मी ठेकेदाराला बयाणा देऊन कामच सुरू करते."

ठरल्या दिवशी तिने शंकूला कुंकू लावलं, नारळ फोडला. यंत्र सुरू झालं. शंकू खाली गेला, जातच राहिला आणि काटा ढिम्म हलेना. भैयालाल पुटपुटला, "साहब, ये तो मक्खन है."

"सरका लो," हे म्हणाले.

दुसरीकडे तेच. तिसरीकडेही तेच. यांच्या कपाळावर घाम, चेहऱ्यावर मात्र लग्नघरातलं हसू. शेवटी कुंपणाच्या कोपऱ्यात शंकू खट्कन अडला आणि काटा उसळला. असा एकाएकी अडला म्हणजे खाली जमीन नाही, दगड आहे. जुन्या तळ्याची पायरीच असणार. एवढं तर यांच्याकडूनच ऐकून ऐकून मलाही कळतं. यांना कळत नव्हतं थोडंच! पण कुंदाकडे वळून हे म्हणाले, "पक्की आहे गं! एकदम पक्की."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. परक्यांचं एक वेळ सोडा, ही पाठची बहीण. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कुंदाने पेढ्यांचा डबा पुढे केला.

"दादा, तुला सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "खालची खोली मी तुमच्या दोघांसाठी काढून राहिली. भाड्याचं घर सोडा आता. चलो, सोबत राहू."

"नाही," हे म्हणाले.

विचार न करता, झटक्यात. इतक्या वर्षांत यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. स्वतः तिथं झोपायची वेळ आली आणि जीभ बरोबर सरळ झाली.

यांचा हात पेढ्याकडे गेला होता, तो तसाच राहिला. भैयालाल भलतीकडे पाहू लागला. कुंदाने आधी यांच्याकडे पाहिलं, मग बुटाने बुजवलेल्या त्या भोकांकडे.

"इथं काय लागलं होतं, दादा?"

हे माझ्याकडे पाहू लागले. मी सोडवायचं होतं की काय? मी पदराने तोंड पुसलं.

"गाळ," हे म्हणाले. "खालपर्यंत गाळच आहे. नको बांधू, कुंदे."

कुंदाने डब्याचं झाकण लावलं. रडली नाही, ओरडली नाही.

"मंग बाकीच्या लोकांनी काय करायचं होतं, दादा?" तिने विचारलं. "सगळ्यांनी तुला एकेक खोली द्यायची होती का?"