डबा चौथ्या मजल्यावर

स्टीलचा डबा लिफ्टमध्ये ठेवायचा, चारचं बटण दाबायचं आणि दार मिटायच्या आत बाहेर पडायचं, ही आमच्या काकींची निरोप धाडायची पद्धत. लालबागच्या चाळीत त्यांची खोली आमच्या भिंतीला भिंत लागून होती. चाळीचा टॉवर झाला, सोडतीत त्या अकराव्या मजल्यावर गेल्या आणि आम्ही चौथ्या. भरलेला डबा आला की काकी मजेत आहेत असं समजायचं. एकदा बांगड्याचं तिखलं मध्येच एका कट्टर शाकाहारी बिऱ्हाडासमोर थांबलं. त्याचा खुलासा मला द्यावा लागला.

कारण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन मी. असा एक इसम तुमच्याही इमारतीत असेलच. सकाळी फुलांचं चित्र टाकतो, दुपारी नियम. ‘पॅसेजमध्ये ओरडून हाका मारू नयेत’ हा माझाच.

काकी एकट्या राहत. बदलापूरच्या लेकीने मला बजावलं होतं, "आई फोन उचलणार असेल तर राहू दे इथे. नाहीतर मी घेऊन जाते."

काकींना घर सोडायचं नव्हतं. मग त्यांना फोन शिकवायचं काम मी छाती फुगवून अंगावर घेतलं. रोज संध्याकाळी शिकवणी. मी चहा पिऊन उतरलो की काकी फोन रुमालात गुंडाळून कपाटात ठेवत. "बॅटरी संपता मेल्याची," म्हणत.

एका दुपारी डबा रिकामा आला. रिकामं भांडं परत धाडू नये हे आईने शिकवलेलं, म्हणून मी त्यात कोबीची भाजी भरून वर पाठवली. थोड्या वेळाने डबा भाजीसकट परत. मला राग आला. ‘लिफ्ट फक्त माणसांसाठी आहे’ असं ग्रुपवर लिहायला बसलो.

बायको म्हणाली, "अहो, काकींनी कधी रिकामा डबा पाठवलाय का?"

वर धावलो. काकी लिफ्टपाशी भिंतीला धरून एका पायावर उभ्या होत्या. दुसरा सुजून भोपळा.

"मी हय पडलंय, आणि तू माका कोबी धाडतंस?"

"हाक का नाही मारलीत?"

"बोंब मारूची नाय, असो नियम तूच केलंस ना?"

लेक आली आणि घेऊन गेली. शिकवणीच्या मास्तरांनी टॅक्सीत सामान ठेवलं.

आता काकींचा फोन येतो, तोही व्हिडिओ कॉल. त्या फोन कानाला लावतात, त्यामुळे मला दिसतो तो नुसता त्यांचा कान आणि त्यातली कुडी. मी त्या कानाशी बोलतो. बोलताना त्यांची फार आठवण येते, समोर असूनही.

परवा म्हणाल्या, "माका फोन करूक येता आता. लेकीक सांग, मी माझ्या घरात एकटी रवतलंय."

अकराव्या मजल्यावर काकींच्या घरात आलेल्या नव्या भाडेकरूंना मी गेल्याच आठवड्यात ग्रुपमध्ये घेतलं होतं. स्वागताचं फुलही टाकलं होतं.

"सांगतो काकी," मी त्या कानाला म्हणालो.