दिवाळीनंतरचा धडा

अर्थशास्त्र शिकलेली माणसं जगात पुष्कळ असतील, पण शिकलेलं अर्थशास्त्र रोज अंगात घालून हिंडणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि ते म्हणजे माझे थोरले मामा. धामणगाव बढेला त्यांची शेती. तरुणपणी ते मलकापूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला गेले आणि जून ते दिवाळी एवढंच शिकले. सुट्टीत आजोबांचा पाय मोडला, कापूस वेचणीला आला होता, आणि मामा परत वर्गात गेलेच नाहीत. लायब्ररीचं पुस्तक तेवढं नेऊन दिलं. मी वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. माझ्या मुलांच्या डोक्यात दोन वर्षांत जे शिरत नाही, ते मामांनी पाच महिन्यांत घेतलं आणि त्यावर पन्नास वर्षं काढली.

त्यांचा सगळ्यात लाडका धडा संधी-खर्चाचा. एक गोष्ट निवडली की दुसरी सोडावी लागते, आणि जी सोडली तीच निवडलेलीची खरी किंमत. आपण हे वाचून पान उलटतो, मामा त्या पानावरच राहायला गेले. लहानपणी मलकापूर स्टेशनवर आम्ही शेगावच्या गाडीची वाट बघत असू, आणि मामा पलीकडून मुंबईकडे निघालेल्या गाडीकडे इतक्या मायेनं बघत, की घरचंच कोणी तिच्यात बसलंय असं वाटावं.

"कोण चाललं, मामा?"

"मीच चाललो वं. तिकडं बसलो असतो तर आता भुसावळले चहा पेऊन राह्यलो असतो."

एकदा असे ते भुसावळला चहा पीत असताना आमची गाडी आली, मामी पिशव्या आणि मला घेऊन चढली, गाडी सुटली, आणि मामा बाकावरच. आम्ही नांदुऱ्याला उतरून उलट्या गाडीनं परत आलो, तर ते तिथेच, तसेच. मामीकडे बघून म्हणाले, "इतक्यात आली?" मामी त्यानंतर मलकापूरपासून शेगावपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

दुसरा धडा एका वाक्याचा, 'इतर परिस्थिती कायम असताना'. पुस्तकात प्रत्येक नियमाच्या मागे हे शेपूट असतं. मामांनी ते स्वतःच्या प्रत्येक शब्दाला लावलं. सुमनताईच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीच्या लग्नाच्या बोलणीत मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मग पक्कं समजाचं न?" मामा शांतपणे म्हणाले, "पक्कं. इतर परिस्थिती कायम असताना." पाहुणे एकमेकांची तोंडं बघत चपला शोधायला लागले. मामीनं आतून पोह्यांचं ताट आणून परिस्थिती कायम केली, म्हणून ताई आज शेगावला सुखानं नांदते आहे.

तिसरा धडा मात्र घराला महागात पडला. भुकेल्या माणसाला पहिल्या घासाला जे समाधान मिळतं, ते दुसऱ्याला मिळत नाही. पुढेपुढे ते घटतच जातं. मामा शेगावला कचोरी खात ती एकच, डोळे मिटून. चहा एकच कप. दुसरा ओतायला कोणी आलं की ते कपावर हात ठेवत आणि ओतणाऱ्याला नियम समजावून सांगत, तोवर चहा गार होई. हेच गणित त्यांनी पाहुणचाराला लावलं. "पयल्या दिवशी पाव्हणा गोड, दुसऱ्या दिवशी बरा, तिसऱ्या दिवशी शून्य. अन् चौथ्या दिवशी उणे!" म्हणून कुणाकडेही गेले तरी तिसऱ्या सकाळी मामांची पिशवी खांद्याला. लेकीकडेही तेच. मामी दरवेळी म्हणायची, "एक डाव पंधरा दिवस राहू द्या मले पोरीपाशी." मामा म्हणत, "राह्य न तू! मी कुठं नाही म्हणतो?" पण यांना एकट्याला चहासुद्धा करता येत नाही हे दोघांनाही ठाऊक. मग मामी डोळे पुसत पिशवी भरायची. तिचे पंधरा दिवस कधी झाले नाहीत. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

त्यानंतर ताईनं मामांना कितीदा शेगावला आणलं, पण तिसरी सकाळ काही चुकली नाही. या हिवाळ्यात ते धामणगावच्या घरात चक्कर येऊन पडले, आणि शेजारचे रहीमभाई दूध द्यायला येईपर्यंत तसेच पडून राहिले. ताईचा मला फोन आला. रडत होती. "तूच सांग त्याईले. माहं आयकत नाहीत, पुस्तकाचं आयकतात."

मी पुस्तक घेऊन गेले. मामा ओट्यावर उन्हात बसले होते, कपाळाला पट्टी. मी नेहमीचं सगळं बोलून दमले. मग सहज म्हटलं, "मामा, तुमच्या नियमाला अपवादही आहेत की."

"कायचे अपवाद?"

पन्नास वर्षं ज्या नियमानं हा माणूस जगला, त्याचे अपवाद त्याला माहीतच नव्हते. ते दिवाळीनंतर शिकवायचे होते. आणि मी, दरवर्षी दोन मार्कांचा प्रश्न म्हणून ते घाईनं उरकणारी, मला कधी विचारायचंही सुचलं नाही. मी पान काढून वाचलं. छंद असणाऱ्या माणसाला प्रत्येक पुढच्या नगानं समाधान घटत नाही, वाढत जातं.

"पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजे पुढचं पुढचं वाढत बी जाते?"

"हो मामा."

ते बराच वेळ समोरच्या निंबाकडे बघत राहिले. मला वाटलं, गेले भुसावळला. पण तसं नव्हतं.

"तुह्या मामीले कायचा छंद होता, माहीत हाय?" ते म्हणाले. "लेकीचा."

आणि मग त्यांनी पट्टीवरून हात फिरवत तोंड वळवलं. मी पुस्तक मिटलं. मलाही पुढचं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना शेगावला सोडून आले. तिसऱ्या सकाळी ताई म्हणे पहाटेपासून दाराकडे बघत होती. मामा आंघोळ करून आले, खुंटीवरची पिशवी काढली, आणि आतला सदरा काढून घडी करून ताईच्या कपाटात ठेवला.

"बाबा, जाऊन नाही राह्यले?"

"माहे दोन दिवस झाले," मामा म्हणाले. "आजपासून तुह्या मायचे."

आणि त्यांनी कप पुढे केला. दुसऱ्यांदा.

आज त्या गोष्टीला महिना होत आला. मामीचे पंधरा दिवस केव्हाच संपले असतील, पण ताईनं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, बाबांसमोर कोणी दिवस मोजायचे नाहीत.