मोहाचे लाडू कोनी ठेवले होते

हे म्या कोनालेच सांगतलं नाई. घरधन्याले नाई, मार्कंड्याच्या देवाले बी नाई. आज तुमाले सांगून राह्यली — काऊन, ते मलेच उमजत नाई.

मले नात हाये, आरोही. माह्या विलासची. विलास आन् सुनंदाचं लगीन झालं नव्हतं, गावातच नुसते संगं राहत. मागं विलास तापानं गेला, आन् नातीले भेटाले मले कोर्टाची पायरी चढा लागली. वकील म्हने, "बाई, लगीन नाई. आधी तुमी आजी हाये, हे दाखवा लागन." कोन्या तोंडानं दाखवू? सुनंदाच बोलली साहेबापुढं — "हो, आजीच हाये. येऊ द्या." आता एक इतवार सोडून जातो मी तिच्या घरी. भेटाले दोन घंटे लिहून देल्ले हायेत, पन सुनंदा जेवाले थांबवते. लोक म्हनतात, नशीबवान बाई!

नशीबवान? ऐका मंग.

आरोही झाली तवा सुनंदा तंटामुक्ती समितीत गेली होती — आमचं लगीन लावून द्या म्हने. विलास मान खाली घालून उभा. अध्यक्षानं मले इचारलं. सारं गाव जमलेलं, आन् माह्या लेकीची सोयरीक चालू... नाई, ते राहू द्या. म्या म्हटलं, "कोनाची पोरगी का मालूम! आमाले नका गोवू." सुनंदानं लेकरू पदरात घेतलं न् निंघून गेली. विलास तिच्या मागं गेला. लगीन मातर राहूनच गेलं. तेच लगीन मंग कोर्टात मले आडवं आलं — कोनाले दोष देऊ?

आन् मालूम नव्हतं का मले? अवो, त्याच्या आदल्या आठवड्यात म्याच बाळंतिणीसाठी मोहाचे लाडू केले होते. मोहफुलं भाजून, जवस टाकून, माह्या माहेरी करतात तसे. भर दुपारी, कोनी पाहत नाई असं पाहून, सुनंदाच्या पडवीत ठेवून आली. पोरगी आपली हाये हे हाताले मालूम होतं. तोंडानं खोटं बोलली.

मागच्या खेपेले सुनंदा भाकरी थापता थापता म्हने, "आत्याबाई, तवा कोनीतरी लाडू ठेवून गेलं होतं. सारं गाव एकीकडं, पन एक मानूस माह्या बाजूनं हाये, असं वाटे. त्याच्यावरच तग धरला म्या." चोराच्या मनात चांदनं! त्या मानसानंच तुले भर सभेत लाथाडलं, हे कसं सांगू? आरोहीच्या केसाले तेल लावत बसली.

काल मोहफुलं भाजली. आज लाडू वळले, जवस टाकून. उद्या इतवार. आरोही पायरीवर वाट पाहत बसलेली राहीन. पहिल्या घासालेच सुनंदा चव ओळखन, हे मले मालूम हाये. पन लाडवाच्या आड लपनं एकदा झालं. ती मले उद्यापासून उंबऱ्यात येऊ देईन का नाई, ते तिचं ती पाहीन.

डबा उघडाच्या आधीच सांगनार हाये — सुनंदा, मले सारं मालूम होतं.