हलवू नका

"हलवू नका," म्हणताना पोस्टमनमामा त्या वस्तूवर तळहात ठेवायचे. चहाचा कप असो, एसटीच्या सीटवर जागा धरायला टाकलेली पिशवी असो. घरातल्या पत्र्याच्या पेटीवर मात्र दोन्ही तळहात.

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, बघा. निवृत्तीनंतरही खाकी सदरा न सोडणारा, चालताना दारांवरच्या पाट्या वाचत जाणारा. आमचे मामा पाथरीचे. घरात ते आणि धाकटी बहीण सखूआत्या. आत्याला लहानपणी पोलिओ झालेला, पाय चालत नाहीत. लग्न दोघांनीही केलं नाही. "माझ्यामागं हिचं काय?" हा एकच प्रश्न मामांना होता आणि त्याचं उत्तर त्या पेटीत होतं. एका मोठ्या कंपनीचे शेअर.

त्याची गोष्ट ते रंगवून सांगायचे. गावातल्या एका वकिलाकडे मामा दरसाल कंपनीचा लिफाफा पोचवत. एकदा न राहवून विचारलं, "साहेब, हे न चुकता काय येतंय?"

वकील म्हणाले, "न विकता धरून बसल्याचा मान आहे, मामा. दरसाल लाभांश. थांबाल तसा वाढतो."

मामांनी साठवलेले पैसे काढले, वकिलाकडूनच अर्ज भरून घेतला. पुढं लिफाफ्यावर स्वतःचंच नाव आलं. "सोताच्या दारात सोता टपाल दिलं मी," मामा हसायचे, "आन् सही बी सोताचीच घेतली."

अलीकडे काही वर्षं लिफाफा येत नव्हता. त्याचा दोष मामा नव्या पोस्टमनला द्यायचे. "दारं वाचायलाच शिकली न्हाईत ही पोरं." मीही हसायचो.

मी पत्रकं लिहितो. मोबाईलवर शेअरबाजाराच्या टिपा विकून पोरांना लुटणाऱ्यांविरुद्ध आमची मोहीम आहे. चांगली कंपनी लाभांश देते, बोनस देते, ते थांबणाऱ्यासाठी असतं, म्हणून थांबा, हे मी जिल्हाभर ओरडत फिरत होतो. मग काय, मामांना उचलून देवगाव फाट्याच्या सभेत उभं केलं.

"मामा, किती वर्षं धरलेत?"

"पंचवीस."

"मधी बाजार पडला तेव्हा?"

"पडू दे की. माझी पेटी कुटं पडली?"

लोक हसले. मागून एकानं विचारलं, "आन् लाभांशाचं काय करता वो मामा?"

"जपून ठिवतो."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या.

मग मामांची छाती दुखायला लागली. म्हणाले, "कागद माझ्या नावाचे हायत. हिच्या नावावर करून दे." आत्याला शेजारी नेऊन बसवलं होतं. मामांनी पेटी उघडली. वर शेअर. खाली सुतळीनं बांधलेला गठ्ठा. त्यात लाभांशाचे सगळे वॉरंट होते, म्हणजे कंपनीनं पाठवलेले चेकच, पहिल्या वर्षापासूनचे. एकही बँकेत भरलेला नव्हता.

"मामा, हे वटवले का नाहीत?"

"वटवलं की संपलं ना! पोस्टातलं सर्टिफिकेट बग, पैसे उचलले की कागद गेला, खातं बंद. हे उचललं असतं तर कंपनी म्हनली असती, गेला हा. थांबनाऱ्याचंच हाय ना हे? मी थांबलो."

नियम असा आहे. लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नाही, तर माणूस बेपत्ता धरतात आणि त्याचे शेअरच सरकारी निधीत जातात. मामांचे कधीच गेले होते. तशा नोटिसाही आल्या होत्या, इंग्रजीत. त्याच गठ्ठ्यात, त्याच सुतळीत. "कंपनीचं चिन्ह बगितलं, ठिवलं," मामा म्हणाले.

हीच कंपनी दरवर्षी अहवालात "निष्ठावान भागधारकांचे" आभार मानते! विकायचं असेल तर एका बटणाचं काम. पण पंचवीस वर्षं धरून बसलेल्याच्या दारात मराठी येणारा एक माणूस पाठवणं कुणाला जमत नाही. आणि माझं पत्रक? "थांबा" हा शब्द केवढा तरी मोठा. "वॉरंट बँकेत भरा" ही ओळ कुठेच नाही. जागा होती. तिथं मी घोषणा टाकली होती.

परत मिळवण्यासाठी अर्ज केला. परत आला, कारण शेअरवरच्या आडनावात आणि आधारवरच्या आडनावात एका अक्षराचा फरक होता. मामांनी तो कागद हातात घेतला.

"चुकल्या नावांची पत्रं बी मी बरोबर दारात दिली रे," ते म्हणाले. "माझं एक अक्षर चुकलं, तर ह्यांना घर सापडंना."

मग आवाज खाली आणून, "हिला सांगू नको."

दुसरा अर्जही परत आला, तेव्हा मामा नव्हते. आता आधी वारसाचे दाखले हवेत. कार्यालयातला माणूस मला म्हणाला, "वारसाला घेऊन या की एकदा." जिना दोन मजल्यांचा आहे.

परवा मूळ कागद घ्यायला पाथरीला गेलो. आत्या फरशीवर बसली होती, पेटीला टेकून. म्हटलं, "आत्या, जरा पेटी उघडायची होती."

तिनं दोन्ही तळहात झाकणावर ठेवले. "न्हाई बाबा. दादा म्हनलाय, हलवायचं न्हाई. माझंच हाय ते."

मी तिच्या शेजारी फरशीवर बसलो.

"यंदा बी लिफाफा आला न्हाई," ती म्हणाली. "पोस्टमन लक्ष देईना जनू. काय करू रे मी?"

मला एकच शब्द येतो. पत्रकावरचा.

"थांबा, आत्या," मी म्हणालो.