हातमोज्यांआधीचं जेवण

माझी मावशी चित्रकादंबऱ्या काढते. तिचा नायक म्हणजे जुन्या गुप्तहेरकथांमधला, काळे हातमोजे घालणारा खलनायक. "इतक्या गोष्टींत त्याच्याकडून खून करवून घेतले, पण एकाही मेल्या लेखकाने त्याला कधी जेवू घातलं नाही!" असं तणतणत तिने पहिलं पुस्तक त्याच्या जेवणापासूनच सुरू केलं.

त्यासाठी तिने काकांना टेबलाशी बसवलं. चित्रात हात मनासारखा उतरेपर्यंत बिचारे गार झालेलं तेच ताट चिवडत होते. "केवढा घास घेताय! तो एकटा जेवतो, त्याला घाई कसली?" मावशी डाफरायची.

संपादक वैतागले. "अहो बाई, जेवणातच चार पानं गेली. खून कधी?"

"जेवल्यावर," मावशी म्हणाली. एक रेघ कमी केली नाही. अशी खमकी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पुस्तक छापून आलं, तसा मी वाचायला बसलो. खलनायकाने ताट विसळून पालथं घातलं, ओले हात नीट पुसले आणि मग हातमोजे चढवले. जिन्यात गुप्तहेर दबा धरून बसला होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, मागच्या दाराने जा!"