भादव्याच्या पुनवेची खांड

धाकू भोईराने कंत्राटदाराकडून पैसे खाऊन खारबांध फोडला, अशी कुजबुज ठाण्याच्या खाडीकाठी बरीच वर्षं फिरत होती. कलावती मासळीवाली पाटीबरोबर तीही घरोघर पोचवायची, आणि खरं सांगायचं तर ती मासळीपेक्षा ताजी असे.

धाकू त्या बांधाचा राखणदार. खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध, आणि त्याला बिळं पाडणारे मेले खेकडे! अवस-पुनवेच्या उधाणाआधी धाकू बांधावरून चालायचा. बीळ दिसलं की रॉकेलचा रिकामा डबा बडवायचा. घरटी एक माणूस फावडं घेऊन हजर. मजुरी नाही. जो येणार नाही त्याच्या बायकोला विहिरीवर टोमणे, एवढाच कायदा.

स्वराज्य आल्यावर एक साहेब गावात कोण काय काम करतं याचा सरकारी तक्ता भरायला आला.

"धंदा?"

"बांध राखतो."

"पगार?"

"पगार कसला, सायेब? डबा वाजवला की गाव येतो."

साहेबाने हसून लिहिलं : बेकार.

ते धाकूच्या जिव्हारी लागलं. चौपन्न साली जवळच गिरणी निघाली, तेव्हा रांगेत पहिला हाच. पुढच्या तक्त्यात तो 'कामगार' झाला. पितळी बिल्ला लावूनच जेवायला बसायचा म्हणे!

भादव्याच्या पुनवेला सकाळी बायको, मालन, म्हणाली, "आवो, दुपारी उधान हाय. बांधाव फिरून या ना."

"खाडा केला तर बिल्ला काढून घेतील. शेजारचा नाथा बघंल."

"नाथा गिरनीत तुमच्याच पालीत हाय!"

"मंग विश्राम बघंल. येवढा गाव हाय."

दुपारी यंत्रापाशी उभ्या धाकूला पाणी चढल्याचं अंगातच कळलं. त्याने बिल्ला चाचपला आणि तो तिथेच उभा राहिला.

संध्याकाळी गावची पोटरीतली, कणीस फुटायच्या बेतातली भातं खाऱ्या पाण्यात उभी. तीन वर्षं तिथे गवतही उगवलं नाही. मग बांध पुन्हा घालायला कंत्राटदार आला. जे काम गाव फुकट करायचं, तेच गावाने रोजंदारीवर केलं. साहेबाने तक्त्यात लिहिलं : गावात रोजगार वाढला.

धाकू सुट्टीच्या दिवशी मातीच्या पाट्या वाहायचा, पण मजुरीच्या रांगेत उभा राहायचा नाही.

"कशाला राहील? त्याला पैसे आधीच पोचलेत!" कलावती म्हणाली. तिथून ती कुजबुज निघाली.

बांध कुणी फोडला नव्हता. खेकड्याच्या बिळातून पाणी शिरलं, बीळ रुंदावत गेलं आणि बांधाला खांड पडली. त्या दिवशी बांधावर कुणीच गेलं नव्हतं. धाकू गिरणीत होता.